समुद्रात बोटीच्या मशीनचा दम अचानक का जातो? आधी रबरी फुगा बघा, मग मेकॅनिकला फोन करा

तुम्ही मालवणला गेलाय. देवबागच्या खाडीतून फायबरची बोट सुटली, मागे लटकलेल्या मशीनने घुर्रर्र केलं, बोटीचं नाक वर उचललं गेलं. कर्ली खाडी जिथे समुद्राला मिळते तो संगम मागे पडला. कुणीतरी रील काढायला मोबाईल वर केला आणि तेवढ्यात मशीनचा आवाज उतरला.

मशीन बंद पडलेलं नाही, चालूच आहे. पण मघाशी पाण्यावरून सुसाट पळणारी बोट आता पाणी ढकलत रांगायला लागली. बोटवाले काका म्हणतात, "सगळे खाली बसून घ्या." मग ते मशीनकडे न जाता पायाजवळच्या नळीतला एक काळा रबरी फुगा चार-पाच वेळा दाबतात. मशीन पुन्हा जोर धरतं. लोक टाळ्या वाजवतात. दोन मिनिटांनी पुन्हा तेच.

काकांनी जे केलं ती जादू नव्हती आणि दुरुस्तीही नव्हती. ती तपासणी होती. फुगा दाबल्यावर मशीन सुधारलं, म्हणजे मशीनला पेट्रोल कमी पडतंय हे त्यांना कळलं. आता ते कुठे अडतंय एवढंच शोधायचं बाकी.

मशीन पूर्ण बंद पडलं तर निदान काय झालं ते स्पष्ट असतं. दम जाणं हा प्रकार जास्त फसवा. मशीन चालू आहे म्हणून माणूस पुढे जात राहतो, लिव्हर आणखी ओढतो आणि नेमकं तेच करायचं नसतं. का, ते पुढे येईलच.

आधी हे मशीन काय असतं ते बघू

मासेमारीच्या मोठ्या ट्रॉलरमध्ये डिझेल इंजिन बोटीच्या पोटात बसवलेलं असतं. छोट्या बोटींना ते परवडत नाही आणि जागाही नसते. मग अख्खं इंजिन, गिअर आणि पंखा एकाच दांड्यावर बसवून बोटीच्या मागच्या फळीला बाहेरून लटकवतात. हेच आउटबोर्ड. अमेरिकेत ओले एविनरूड या माणसाने १९०९ च्या सुमारास ते धंदा म्हणून विकायला सुरुवात केली आणि त्याची मूळ कल्पना आजही फारशी बदललेली नाही. वर इंजिन, मधून खाली जाणारा उभा दांडा, पाण्यात गिअर आणि पंखा. रॉकेलवर चालणारी मशीनंही असतात, पण इथे आपण पेट्रोलवाल्यांबद्दल बोलतोय.

आता प्रश्न असा की मशीनमध्ये थोडासा बिघाड झाला तर बोट एकदम रांगायला का लागते? बाईकचा जोर १० टक्क्यांनी कमी झाला तर सपाट रस्त्यावर कळणारही नाही. बोटीचं गणित वेगळं आहे. वेग वाढला की हलकी बोट पाण्यातून वर उचलली जाते आणि पाण्याच्या पृष्ठभागावरून घसरत धावते. मग पाण्याचा विरोध बराच कमी होतो. पण त्या अवस्थेत पोचण्यासाठी आधी एक चढ चढावा लागतो. नाक वर, शेपूट खाली आणि मशीन पूर्ण ताकदीवर, असा तो चढ. जोर थोडा जरी कमी पडला तरी बोट तो चढ चढतच नाही. पाण्यात रुतून राहते आणि वेग अर्ध्यावर येतो. म्हणून बोटीवर बिघाड छोटा असतो आणि घाबरगुंडी मोठी उडते.

याच कारणाने पहिला संशय कधीकधी मशीनवर घ्यायचाच नसतो. दोन माणसं जास्त बसली, तळात पाणी साठलं, बुडाला शेवाळ आणि शिंपल्यांचा थर चढला, तरी लक्षणं तीच दिसतात. गेल्या आठवड्यापर्यंत ठीक असलेली बोट आज उचलत नसेल तर आधी तळातलं पाणी उपसा.

आवाज चढला की उतरला?

मेकॅनिकला फोन केलात तर तो पहिला प्रश्न हाच विचारेल. बोटीचा जोर गेला तेव्हा मशीनचा आवाज उतरला होता की उलट चढला होता?

आवाज चढला आणि बोट मात्र जागची हलली नाही, तर इंजिन ठणठणीत आहे. त्याची ताकद पाण्यापर्यंत पोचत नाहीये. गडबड खाली पंख्याकडे आहे.

आवाज उतरला, मशीन गुदमरल्यासारखं झालं, तर इंजिनला पेट्रोल, हवा किंवा ठिणगी यातलं काहीतरी कमी पडतंय. नाहीतर पंख्याला दोरी, जाळं गुंडाळलं गेलंय आणि इंजिन त्या ओझ्याखाली दबलंय.

आणि आवाज एका ठरावीक पातळीवर येऊन थांबला, लिव्हर कितीही ओढला तरी वर जात नाही, सोबत बीप वाजतंय, तर मशीन स्वतःला वाचवतंय. अलीकडच्या बऱ्याच मशीनमध्ये तापमान वाढलं किंवा ऑइलचा दाब कमी झाला की ते आपोआप वेग खाली आणतं. तो बीप बंद करण्याच्या नादाला लागू नका.

या एका प्रश्नाने निम्मं काम होतं. आता सगळ्यात जास्त वेळा जिथे घोडं अडतं तिथे जाऊ.

टाकीपासून इंजिनापर्यंतचा रस्ता

छोट्या बोटीत पेट्रोलची टाकी सुटी असते, बहुतेक वेळा लाल प्लास्टिकची. टाकीतून नळी निघते, मध्ये तो रबरी फुगा, पुढे मशीनला जोडणारा कनेक्टर, मग फिल्टर, मग इंजिनावरचा छोटा पंप आणि शेवटी कार्बोरेटर किंवा इंजेक्टर. या रस्त्यावर कुठेही अडथळा आला किंवा बारीक भोक पडलं की हळू चालताना मशीन बरं वाटतं आणि जोर मागितला की ढेपाळतं. हळू चालताना पेट्रोल कमी लागतं, म्हणून.

सगळ्यात स्वस्त चूक टाकीच्या झाकणावर असते. तिथे हवेसाठी एक छोटा स्क्रू असतो. टाकी गाडीतून नेताना वास येऊ नये म्हणून तो घट्ट बंद करतात आणि बोटीत ठेवल्यावर उघडायला विसरतात. घरात १५ किलोचा तेलाचा डबा फोडताना आपण दोन भोकं का पाडतो? एकच पाडलं तर तेल डबडब करत थांबतं, म्हणून. तसंच इथे. मशीन पेट्रोल ओढतं, पण त्याची जागा घ्यायला हवा आत येत नाही. पाच-दहा मिनिटं मस्त चालतं, मग दम जातो. टाकीचे गाल आत गेलेले दिसले तर शोध तिथेच संपला. झाकण सैल केल्यावर फुस्स आवाज येईल.

आता फुगा. त्याच्या आत पेट्रोल एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या दोन झडपा असतात आणि अंगावर बाण असतो. बाणाचं टोक मशीनकडे हवं. नवीन नळी बसवताना तो उलटा लागल्याचे किस्से प्रत्येक बंदरावर ऐकायला मिळतात.

मशीनचा जोर जाताना फुग्याकडे बघा. तो आत ओढला जाऊन चपटा झाला असेल तर अडथळा फुग्याच्या मागे, म्हणजे टाकीच्या बाजूला आहे. बंद स्क्रू, टाकीतल्या जाळीवर बसलेला गाळ किंवा चक्क कुणाचातरी पाय नळीवर. फुगा दाबल्यावर मशीन सुधारतं आणि सोडल्यावर पुन्हा मरतं, तर इंजिनावरचा पंप कमजोर झालाय किंवा नळीत कुठूनतरी हवा शिरतेय. पंपाच्या आत एक पातळ पडदा असतो, तो जुना झाला की कडक होतो किंवा चिरतो. फुगा कितीही दाबला तरी कडकच होत नसेल तर आधी टाकीत पेट्रोल आहे का बघा (हसू नका), मग कनेक्टरमधली छोटी रबरी रिंग बघा. ती झिजली की पेट्रोल बाहेर गळेलच असं नाही, पण ओढताना हवा आत जाते. आणि फुगा कडक आहे, तरीही मशीन मेलेलंच, तर अडचण पुढे फिल्टर-कार्बोरेटरमध्ये आहे किंवा मुळात पेट्रोलचीच नाही.

हे सगळं एका फटक्यात तपासायची एक युक्ती आहे. शेजारच्या बोटीची टाकी आणि नळी दहा मिनिटांसाठी उसनी घ्यायची. कनेक्टर जुळत असेल आणि त्या टाकीवर मशीन नीट चाललं, तर इंजिनाला हातही लावायची गरज नाही. मात्र टू-स्ट्रोक मशीनला ऑइल मिसळलेलं पेट्रोल लागतं, फोर-स्ट्रोकला साधं. उसनी टाकी आपल्याच जातीच्या मशीनची हवी.

चोक ओढूनही असंच कळतं. जोर जात असताना चोक क्षणभर अर्धा ओढला आणि मशीनने उचल खाल्ली, तर त्याला पेट्रोल कमी मिळत होतं हे नक्की. चोकने हवा कमी होते, म्हणजे आहे त्या पेट्रोलचं प्रमाण वाढतं.

लिव्हर आणखी ओढायचा का नाही, तेही इथेच कळतं. पेट्रोल कमी आणि हवा जास्त असं मिश्रण जळलं की इंजिन जास्त तापतं. टू-स्ट्रोकमध्ये तर ऑइल पेट्रोलमधूनच येतं, म्हणजे पेट्रोल कमी तर वंगणही कमी. अशा वेळी जोर लावत राहिलं की पिस्टन वितळू शकतो. फुग्याच्या किमतीचा बिघाड अख्ख्या इंजिनाच्या किमतीवर जातो.

पेट्रोल पोचतंय, पण ते पेट्रोल आहे का?

हा मुद्दा गेल्या दोन-तीन वर्षांत मोठा झालाय. बाईक-कारच्या मायलेजवरून सोशल मीडियावर जो ई-२० चा वाद तुम्ही वाचला, तेच पेट्रोल पंपावरून कॅनमध्ये भरून बोटीत जातं.

पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळायचं सरकारचं मूळ उद्दिष्ट २०३० चं होतं, ते २०२५ मध्येच गाठलं गेलं. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, म्हणून गाडीचं मायलेज थोडं घटतं. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच जुन्या चारचाकींसाठी ६ ते ७ टक्के आणि दुचाकींसाठी ३ ते ४ टक्के घट सांगितली होती. नव्या गाडीतला कॉम्प्युटर मिश्रण जुळवून घेतो. कार्बोरेटरवाल्या बोटीच्या मशीनला कॉम्प्युटरच नाही. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असल्याने मिश्रण आपोआप पातळ होतं, म्हणजे वर सांगितलेल्या तापण्याच्या दिशेने अर्धं पाऊल. बहुतेक आउटबोर्ड कंपन्यांच्या पुस्तिकेत १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल चालेल असं लिहिलेलं असतं. आपल्या मशीनच्या पुस्तिकेत काय लिहिलंय ते एकदा वाचून घ्या.

पण बोटीसाठी खरी डोकेदुखी ऊर्जेची नाही, पाण्याची आहे.

इथेनॉल नसलेल्या पेट्रोलमध्ये पाणी पडलं तर ते सरळ तळाशी बसतं. टाकी तिरकी करून ओतून टाकता येतं. इथेनॉल मात्र पाण्याला स्वतःत धरून ठेवतं. थोडं पाणी असेल तर ते पेट्रोलसोबत जळूनही जातं, तेवढ्यापुरतं हे बरंच. पण त्याला मर्यादा आहे. १० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये १५ अंश तापमानाला लिटरमागे साधारण ५ मिली, म्हणजे एक चहाचा चमचा पाणी सामावतं. इथेनॉल जास्त असेल तर मर्यादा थोडी वाढते, थंडीत घटते. मर्यादा ओलांडली की इथेनॉल पेट्रोलची साथ सोडतं आणि पाण्याला घेऊन तळाशी जाऊन बसतं. टाकीत दोन थर होतात.

आणि मशीनला जाणारी नळी टाकीच्या तळातून ओढते.

म्हणजे मशीनच्या तोंडी पहिला घास पाणी आणि इथेनॉलचा जातो. टू-स्ट्रोकमध्ये आणखी वाईट, कारण मिसळलेलं ऑइल वरच्या पेट्रोलच्या थरात राहतं. खालच्या थरावर मशीन चाललं तर वंगणाशिवाय चाललं. वर उरलेलं पेट्रोलही पूर्वीसारखं राहत नाही, कारण इथेनॉल गेल्यावर त्याचा ऑक्टेनही उतरतो. म्हणून थर झालेलं पेट्रोल हलवून पुन्हा एक होईल ही आशा सोडा. ते मशीनमध्ये वापरायचं नाही.

टाकीत पाणी येतं कुठून? हवेतला ओलावा शोषला जातो हे खरं, पण ते काम हळूहळू होतं. जास्त पाणी झाकणातून शिरलेल्या पावसाचं, उडालेल्या लाटेचं आणि अर्धवट भरलेल्या टाकीच्या भिंतींवर साचणाऱ्या दवाचं असतं.

आता कॅलेंडर आठवा. राज्याच्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस मासेमारी बंद असते. पर्यटनाच्या बोटीही पावसाळ्यात किनाऱ्यावर ओढून झाकलेल्या असतात. मशीन काढून घरात येतं आणि टाकीत उरलेलं पेट्रोल तसंच कोपऱ्यात राहतं. कोकणातला जून-जुलै, दमट हवा, अर्धी टाकी. दोन महिन्यांत पेट्रोलचा हलका, चटकन पेटणारा भाग उडून जातो, कार्बोरेटरच्या वाटीत राहिलेल्या थेंबांचा चिकट थर होऊन बारीक छिद्रं बुजतात. मग नारळी पौर्णिमेनंतर पहिली फेरी आणि संगमाच्या तोंडावर मशीनचा दम जातो.

तपासायला काचेची बाटली पुरते. टाकीच्या तळातलं थोडं पेट्रोल पारदर्शक बाटलीत घ्या, अर्धा तास स्थिर ठेवा. खाली वेगळा थर दिसला किंवा पेट्रोल दुधाळ, धुरकट दिसलं, तर ती टाकी रिकामी करायची. बिडी-सिगारेट दूर ठेवा हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि बोटीच्या तळाशी साठते.

पुढच्या पावसाळ्याआधी मे महिन्यातच टाकी रिकामी करून ते पेट्रोल बाईकमध्ये संपवा (फोर-स्ट्रोकचं, ऑइल मिसळलेलं नव्हे). कार्बोरेटरवालं मशीन शेवटचं चालवताना नळी काढून आतलं पेट्रोल संपेपर्यंत चालू ठेवा, थंड करणारं पाणी मात्र चालू हवं. शिवाय नळीवर पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवा. त्यात पाणी तळाशी साचतं आणि काढून टाकता येतं. इथेनॉल सोबत घेऊन जाणारं पाणी तो पूर्ण पकडू शकत नाही, तरी गाळ आणि मोकळं पाणी अडवतो.

आवाज चढला, बोट हलेना

आता दुसरी बाजू, पंखा. पंख्याचं मधलं भोक आणि फिरणारा दांडा यांच्यात रबराचं बुश दाबून बसवलेलं असतं. पंखा खडकावर किंवा वाळूत आपटला तर धक्का रबराने खावा, गिअर तुटू नये म्हणून. जुन्या छोट्या मशीनमध्ये याच कामासाठी एक मऊ पिन असते, ती तुटते. रबर जुनं झालं की ते आतल्या आत घसरतं. हळू चालवताना काहीच कळत नाही, जोर लावला की मशीन किंचाळतं आणि बोट तिथेच.

खात्री करायला नेलपॉलिश वापरा. मशीन बंद, किल्ली काढलेली. पंख्याच्या बाहेरच्या भागावरून आतल्या भागापर्यंत एक सरळ रेघ ओढा आणि फेरी मारून या. रेघेचे दोन तुकडे एकमेकांसमोर राहिले नसतील तर बुश घसरतंय. तोवर हळूहळू चालवत घरी मात्र येता येतं.

रेघ जागेवर असेल तर पंखा हवा ओढत असेल. मशीन जास्त वर उचललेलं, सगळी माणसं डॉल्फिन बघायला पुढे जमलेली, मागचा भाग पाण्याबाहेर. पंख्याच्या वर जी आडवी चपटी पट्टी असते ती बोटीच्या बुडाच्या साधारण रेषेत हवी. माणसांना मागे बोलवा, मशीन खाली करा, बऱ्याचदा एवढ्यानेच काम होतं.

पंख्याला नायलॉनचा दोर गुंडाळला असेल तर तो कापून थांबू नका. मासेमारीची बारीक तार पंख्यामागच्या सीलमध्ये शिरते आणि सील कापते. मग गिअरच्या ऑइलमध्ये पाणी जातं. काही दिवसांनी गिअरचं ऑइल बघा, ते दुधाच्या चहासारखं दिसलं तर सील गेलं.

मागची पिचकारी

चालू मशीनच्या मागून पाण्याची बारीक धार उडताना तुम्ही पाहिली असेल. ती गळती नाही. इंजिन थंड करायला समुद्राचंच पाणी वर ओढलं जातं आणि त्यातलं थोडं बाहेर सोडलं जातं, पंप चालू आहे हे दिसावं म्हणून.

धार बारीक झाली किंवा थांबली तर मशीन लगेच बंद करा. खालच्या जाळीवर प्लास्टिकची पिशवी चिकटली असेल. धार येते ते छिद्रच मिठाने किंवा वाळूने बुजलं असेल, बारीक तार घालून बघा. तरी नाही आलं तर आतली रबरी चकती, म्हणजे इम्पेलर गेला. त्याची पाती वाळूने झिजतात आणि संगमासारख्या उथळ जागी पंखा वाळू ढवळतच असतो. पाण्याबाहेर मशीन 'बघू चालू होतंय का' म्हणून सुरू केलं तर हीच पाती काही सेकंदांत जळतात. तुटलेली पाती बदलताना त्यांचे तुकडेही शोधून काढावे लागतात, नाहीतर ते वरच्या नळीत जाऊन अडकतात.

धार चांगली आहे म्हणजे सगळं ठीक असंही नाही. पंप चालतोय एवढंच ती सांगते. आतल्या वाटा मिठाने बुजल्या असतील किंवा थर्मोस्टॅट अडकला असेल तर धार येऊनही मशीन तापतं. त्यावर उपाय एकच, रोज फेऱ्या संपल्या की दहा-पंधरा मिनिटं गोड्या पाण्याने आतून धुणं.

ठिणगी

दोन सिलिंडरच्या मशीनचा एक सिलिंडर गेला तर मशीन चालतं, पण थरथरतं आणि जोर निम्म्याहून कमी होतो. मशीन बंद करून दोन्ही प्लग काढा. एक तपकिरी कोरडा आणि दुसरा ओला काळा असेल तर ओल्यावाला सिलिंडर झोपलाय. पेट्रोल येतंय, जळत नाही. नवा प्लग लावा. तरी नाही जमलं तर प्लगची टोपी आणि वायरची टोकं बघा. खाऱ्या हवेत तांब्यावर हिरवा थर चढतो आणि तिथे करंट अडतो. प्लग बदलूनही तोच सिलिंडर मेलेला राहिला तर कॉइल किंवा कॉम्प्रेशन, आणि ते किनाऱ्यावरचं काम.

लिव्हरची केबल जाता जाता बघून घ्या. झाकण काढा, मशीन बंद ठेवून एकाने लिव्हर पूर्ण ओढावा, दुसऱ्याने कार्बोरेटरचं पान पूर्ण उघडतंय का बघावं. केबल ताणली गेली असेल तर तुम्ही पूर्ण जोर मागताय आणि मशीनपर्यंत निरोप पाऊणच पोचतोय.

पण हे सगळं बोटीत बसून कधी करायचं?

समुद्रात मशीनचं झाकण उघडण्याआधी नांगर टाकायचा. ओढ खडकांकडे किंवा संगमावर फुटणाऱ्या लाटांकडे असेल तर पहिली दोन मिनिटं मशीनची नाहीत, दोराची आहेत. लाइफ जॅकेट सगळ्यांच्या अंगात. बोटीचं नाक लाटेकडे राहील असा नांगर पुढून बांधा. मागून बांधला तर लाट मशीनवरून आत येते.

त्यानंतर क्रम सोपा आहे. टाकीचा स्क्रू, नळी, फुगा. मग पंख्यात काही अडकलंय का. मग मागची धार. हे तपासायला पाच मिनिटं लागतात आणि एकही पाना लागत नाही. यात उत्तर मिळालं नाही तर प्लग. कार्बोरेटर समुद्रात उघडायचा नाही. त्याचा एक स्क्रू पाण्यात पडला की मशीन कायमचं शांत.

मशीन हळू का होईना चालत असेल तर त्याच हळू वेगाने जवळच्या किनाऱ्याकडे वळा. चालत नसेल आणि नांगर धरत नसेल तर वाट बघू नका. तटरक्षक दलाचा मदत क्रमांक १५५४ आहे, व्हीएचएफ रेडिओ असेल तर चॅनल १६.

आणि तुम्ही बोटवाले नसून फक्त तिकीट काढलेले पर्यटक असाल, तर निघण्याआधी दोन गोष्टी जागेवर बसूनही दिसतात. मशीनच्या मागची धार उडतेय का, आणि पुढच्या टोकाला दोर बांधलेला नांगर आहे का. नांगर दिसला नाही तर "काका, नांगर कुठंय?" असं विचारायला लाजू नका.